डब्यात काय हाय, आत्याला विचारा

माझ्या नोकरीचं वर्णन माझी आई दोन शब्दांत करते. बाभुळगावच्या बाजारात कोणी विचारलं, की पोरगी दिवसभर घरात बसून काय करते, तर ती सांगते, "बटनं रंगवते." तक्रार करायला जागा नाही. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी मोबाइलच्या पडद्यांची मांडणी करते. कोणतं बटण कुठे ठेवायचं, केवढं ठेवायचं, चुकून दाबलं गेलं तर माणसाने परत कसं यायचं, एवढंच माझं जग. पण या एवढ्याशा जगात मला विलक्षण मजा येते. एखाद्या मिक्सरचं बटण नीट जमलेलं दिसलं, तर मी दुकानात उभ्या उभ्या खूश होते. दुकानदाराला वाटतं, बाई मिक्सर घेणार.

माझं ऑफिस म्हणजे घराची मागची खोली. दसऱ्यानंतर कापूस घरात यायला लागला की ती खोली कापसाची, बाकीचे महिने माझी. त्या वर्षी भाद्रपदात कंपनीने नवं काम काढलं होतं. ज्यांना नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचे हात साथ देत नाहीत, त्यांनाही सहज वापरता येतील असे पडदे करायचे. मीटिंगमध्ये सगळे अशा माणसांची कल्पना करत होते. कोणी म्हणे समजा एक आजोबा आहेत, कोणी म्हणे समजा एक मुलगी आहे. मी कॅमेरा बंद केला आणि दारातून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे माझी आत्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, अर्धे दाणे परातीत, अर्धे बाहेर. मला समजा म्हणायची गरजच नव्हती. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. जन्मापासून तिच्या हातांना कंप आहे, चालताना भिंत धरावी लागते, आणि जीभ एकेक शब्द ओढत ओढत बाहेर आणते. डोकं मात्र घरात सगळ्यांत तल्लख. तिचं लग्न झालं नाही. ती याच घरात वाढली आणि मी तिच्या मांडीवर. तिचं बोलणं आई, वडील आणि मी, आम्हा तिघांनाच सहज समजतं. बाहेरचा माणूस तिचे दोन शब्द ऐकतो, मान हलवतो आणि आमच्याकडे वळून विचारतो, काय म्हणते ही? आत्याच्या देखत, आत्याबद्दल. त्यावर आत्या जे बोलते ते आम्ही कोणालाच समजावून सांगत नाही. घराची अब्रू असते.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत भुलाबाई बसली. ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोजी मांडायचे, आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरींनी घरोघरी जाऊन गाणी म्हणायची. गाणी संपली की खरी गंमत. घरची बाई झाकण लावलेला डबा घेऊन येते, तो हलवते, आणि आत कोणता खाऊ आहे ते पोरींनी ओळखायचं. गोड की तिखट ते विचारायचं, आवाजावरून अंदाज बांधायचा आणि ओरडायचं. जिचं बरोबर आधी, तिचा मान. कोणालाच आलं नाही तर डबा धरणारीचा मान, आणि तो ती वर्षभर मिरवते. माझ्या आईने एकदा कुरडईचा चुरा करून ठेवला होता. ती गोष्ट तिने अजून संपू दिलेली नाही.

आत्या भिंत धरत डबा असेल त्या घरी यायची आणि हे सगळं त्यांच्या ओट्यावर बसून ऐकायची. डबा एकदा हलला की तिला कळायचं. पोरी गेल्यावर ती मला सांगायची, साखरफुटाणे होते ते मला आधीच मालूम होतं. लहानपणी ती पोरींच्या घोळक्यातच बसायची म्हणे. पण तिचा एक शब्द पुरता बाहेर येईपर्यंत बाकीच्यांचे चार होऊन जायचे. एकदा शेजारी बसलेल्या मुलीने तिच्या तोंडचा अर्धा शब्द उचलला, तो पुरा करून ओरडली आणि मान घेऊन गेली. तेव्हापासून आत्या ओट्यावर.

मी कंपनीचा एक जुना टॅब तिच्यासमोर ठेवला आणि सांगितलं, आत्या, यात तुझ्यासाठी काहीतरी करते, हा तुझ्या वतीने बोलेल, काय बोलायला हवं सांग. मला वाटलं होतं, ती म्हणेल टीव्ही लावून दे, नाहीतर अमरावतीच्या मावशीला फोन लावून दे. तिने टॅब स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "मले डब्यातलं सांगाचं हाय. सगळ्यायच्या समोर, पोट्ट्यायच्या आधी. एक डाव."

पोट्ट्या म्हणजे पोरी, एक डाव म्हणजे एकदा. मी लगेच हो म्हणून बसले. कोजागिरीला महिना होता, आणि मला वाटत होतं की हे आठवडाभराचं काम आहे.

पहिला नमुना मी झोकात तयार केला. मोठमोठी बटणं, काळ्यावर पिवळी अक्षरं, प्रत्येकावर चित्र. पुस्तकात असतात ती सगळी बटणं मी घातली: पाणी, जेवण, औषध, बाथरूम, मदत, धन्यवाद. दुसऱ्या पानावर खाऊ. आत्याने पाण्याचं बटण दाबलं आणि टॅबमधून एक सुशिक्षित बाई बोलली, "मला तहान लागली आहे. कृपया पाणी द्या."

 स्वयंपाकघरात आईला हसू आवरेना. ती कणकेचा हात तोंडावर धरून हसत सुटली आणि म्हणाली, या घरात कृपया म्हणून पाणी मागितलं तर मी पाहुणे आले समजून चहा ठेवीन. आत्या मात्र हसली नाही. तिने एकेक बटण पाहिलं, औषधावर हात ठेवला आणि मला विचारलं, "मी का दवाखान्यात भरती हाय?"

मी पुन्हा सगळं पाहिलं. खरंच होतं. माझ्या पडद्यावर माणूस नव्हता, पेशंट होता. त्याला तहान लागायची, भूक लागायची, तो सगळ्यांचे आभार मानायचा, पण भांडायचा कधी नाही. माझी आत्या तर सकाळी उठल्यापासून भांडते. मला एकदम हुरूप आला. मी तिच्याजवळ फतकल मारून बसले आणि म्हटलं, सांग, दिवसभरात तुला काय काय बोलायचं असतं. ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. भाजीत मीठ कमी हाय. काहून व, म्हणजे का गं? तुले काय करा लागते. जाऊ दे ना बाप्पा. मले आधीच मालूम होतं. औषधाचं बटण मी काढून टाकलं, कारण आत्या कुठलंच औषध घेत नाही. औषधं आई घेते.

मग प्रश्न आला आवाजाचा. ती टॅबमधली बाई आत्याला नको होती. मी माझा आवाज देऊ केला, तर म्हणाली, तुह्या बोलण्याले पुण्याचा वास येते. तिने निवडला आईचा आवाज. आमच्याकडे नणंद-भावजयीचं सख्य विळ्याभोपळ्याचं, त्यामुळे मी चमकलेच. आत्याचं म्हणणं सरळ होतं: वहिनीचा आवाज चार घरं ओलांडून जातो, आपल्याला तोच पाहिजे. आई आधी नाही म्हणाली, मग साडी बदलून आली, जणू फोटो काढायचा आहे. मागच्या खोलीत पंखा बंद करून मी एकेक वाक्य तिच्याकडून म्हणवून घेतलं. "वहिनी, भाजीत मीठ कमी हाय," हे तिने तीनदा गुळमुळीतपणे म्हटलं. चौथ्यांदा तिला राग आला आणि तेव्हा ते बरोबर जमलं. त्या रात्री जेवताना आईच्याच आवाजात आईच्या भाजीला नावं ठेवली गेली आणि वडिलांना ठसका लागला.

खरं घोडं अडलं ते आत्याच्या हातापाशी. तिचा हात पडद्यावर येतो तो आधी कडेला टेकतो, मग घसरतो, मग थरथरत जागेवर जातो. माझं बटण पहिल्याच स्पर्शाला बोलायचं, त्यामुळे फुटाणे म्हणायचं असताना टॅब सांगायचा तुले काय करा लागते. मी नियमच उलटा केला. हात पडला की नाही, हात थांबला की बटण बोलेल. मधल्या सगळ्या थरथरीकडे टॅबने लक्षच द्यायचं नाही. वडिलांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दोन-दोन बटणांच्या मधे चिकटवल्या, म्हणजे हाताला बांध लागेल आणि तो शेजारच्या वावरात जाणार नाही. दुसऱ्या दिवशी आत्याने सलग पाच बटणं हवी तीच दाबली आणि मी खोलीभर नाचले. ऑफिसची मीटिंग चालू होती आणि यावेळी कॅमेराही चालू होता.

चाचणी घ्यायची तर आम्हाला कुठे जायचं नव्हतं. ऑफिसात चार माणसं चाचणीला बसवायची तर विनवण्या कराव्या लागतात, इथे रोज दिवेलागणीला अख्खी गल्ली हजर. आत्या ओट्यावर, मांडीवर टॅब, बाजूला मी. पहिल्या संध्याकाळी डबा हलला, आत्याचे डोळे चमकले, हात निघाला. पानावर पान उघडत तो फुटाण्यांपर्यंत पोचला आणि आईच्या खणखणीत आवाजात टॅब ओरडला, "फुटाणे!" तेव्हा पोरी फुटाणे खात होत्या. त्या हसल्या. आत्याने रागाने दुसरं बटण दाबलं, "मले आधीच मालूम होतं," तर त्या आणखीच हसल्या, आणि एकीने मूठभर फुटाणे आणून तिच्या ओंजळीत टाकले. घरी येताना आत्या म्हणाली, फुटाणे नको होते मला.

मग मला वेगाचं वेड लागलं. खाऊची नावं मी गोड-तिखट अशी लावली होती. आत्याने ती रचनाच मोडायला लावली. ती म्हणाली, चव तर डबा उघडल्यावर कळते, आधी येतो आवाज. तिने सांगितलं तसं मी लावलं: खुळखुळणारं, सरसर करणारं, आदळणारं आणि मुकाट बसणारं. फुटाणे पहिल्यात, लाह्या दुसऱ्यात, लाडू आणि पेरू तिसऱ्यात, शिरा चौथ्यात. डबा हलला की एकदा हात ठेवायचा, दुसऱ्यांदा ठेवला की उत्तर. वर्षानुवर्षं पडद्यांची मांडणी करून मला अशी सुरेख मांडणी सुचली नव्हती, आणि ती मी रात्री जेवणं सोडून घरात सगळ्यांना दाखवत फिरले. एका संध्याकाळी तर लाह्या म्हणताना टॅब आणि एक पोरगी बरोबरच बोलल्या. पण बरोबर म्हणजे आधी नाही. मान पोरीलाच गेला.

कोजागिरी जवळ येत चालली आणि आत्याने नवंच काढलं. तिला एक बटण हवं होतं, थांबा म्हणणारं. मी म्हटलं ठीक, कोपऱ्यात टाकते. तर तिला ते सगळ्यांत मोठं हवं होतं, वरची अर्धी जागा व्यापणारं. मी वैतागले. पडद्यावर जागा केवढी, त्यात बोटभर जागेसाठी मी जिवाचं रान करत होते, आणि हिला अर्धा पडदा अशा शब्दासाठी हवा, जो उत्तरच नाही. मी तिला ते सगळं समजावून सांगितलं, अगदी मीटिंगमध्ये सांगतात तसं. तिने ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाली, "उत्तर हाय माह्याजवळ. सांगाले जागा नाई."

मला पटलं नाही. पण बाई ग्राहक होती आणि ग्राहकापुढे कोणाचं चालत नाही. मी कुरकुरत अर्धी खाऊची नावं मागच्या पानावर ढकलली आणि वर ते भलंमोठं बटण बसवलं. आईने त्याचं वाक्य अंगणात उभं राहून म्हटलं, धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वावरातल्या माणसाला हाक मारावी तसं. "थांबा व पोट्ट्यांनो, मी सांगून राह्यली!"

कोजागिरीच्या दोन-चार दिवस आधीची संध्याकाळ. डबा होता कोपऱ्यावरच्या घरातल्या काकूंचा. त्या आदल्या दिवशीच नेर गावाकडच्या माहेराहून आल्या होत्या आणि चेहऱ्यावरून दिसत होतं, की काहीतरी घेऊन आल्या आहेत. गाणी संपली. काकूंनी डबा कमरेवर घेतला आणि नुसता कलता केला. आत काहीतरी जड लोळत गेलं आणि कडेला ढब् आवाज करून थांबलं.

पोरी तुटून पडल्या. लाडू, पेरू, सफरचंद, नारळ. गोड आहे का विचारलं, तर काकू म्हणाल्या, हो म्हटलं तरी चालते, नाई म्हटलं तरी चालते. काकडी म्हणून झालं, मक्याचं कणीस म्हणून झालं. काकूंचं हसू रुंदावत चाललं. मी आत्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिचे डोळे पहिल्या संध्याकाळसारखेच चमकले होते. हात आदळणाऱ्या खाऊवर गेला, पान उघडलं, आणि ती पाहत राहिली. मागचं पान उघडलं. पुन्हा पुढचं. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

 जे काही त्या डब्यात होतं, त्याचं बटण मी केलंच नव्हतं. महिनाभर खपून मी तिला फक्त तेच शब्द दिले होते, जे मला सुचले. आता काही करायला वेळ नव्हता, आणि समोर पोरी पुन्हा ओरडायला तोंड उघडत होत्या.

आत्याचा हात खाली गेला नाही. तो वर आला, त्या भल्यामोठ्या बटणावर टेकला आणि थांबला. आईचा आवाज गल्लीभर घुमला. पोरी गप्प झाल्या. रस्त्याने मोटरसायकलवर चाललेला एक जण, त्याने सुद्धा ब्रेक लावला. सगळे टॅबकडे पाहू लागले, की आता हा काय बोलतो. टॅब काही बोलला नाही. आत्या बोलली. स्वतःच्या तोंडाने. एक अक्षर, मग श्वास, मग दुसरं अक्षर, ओढत, चुकत, परत पहिल्यापासून. मला शब्द कळला आणि मी दातांखाली जीभ धरली. माझ्या मागे आईनेही तोंड उघडलं होतं, पण तिने त्यात पदर कोंबला. घरच्यांनी सांगायचं नसतं.

काकू डबा घेऊन ओट्यापाशी आल्या आणि वाकल्या. आत्याने तिसऱ्यांदा सांगितलं. काकूंच्या तोंडावरचं हसू आधी गेलं आणि मग दुप्पट होऊन परत आलं.

"अव माय," त्या म्हणाल्या, "हव. वाळूकच हाय."

वाळूक! काकडीच्या जातीचं रानफळ. पूर्वी कपाशीच्या ओळींमध्ये याचे वेल आपोआप उगवायचे, वेचताना बाया तिथेच फोडून खायच्या. आता तण मारायला फवारतात त्यात वेलही जातात, म्हणून मी कित्येक वर्षांत वाळूक पाहिलं नव्हतं आणि समोरच्या पोरींनी तर नावही ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारलं, म्हणजे काय असतं? काकूंनी डबा उघडून दाखवला, आणि मग टाळ्या अशा वाजल्या की पुढच्या गल्लीतली माणसं बाहेर आली. आत्याला तिखट-मीठ लावलेली पहिली फोड मिळाली. तिने ती खाल्ली, हात पुसला आणि बटण दाबलं, "मले आधीच मालूम होतं."

मी रडत होते आणि हसत होते, आणि डोक्यात एकच गोष्ट लखलखत होती. आत्याचं बोलणं बाहेरच्यांना समजत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. पण डबा धरणारीला तर उत्तर आधीच माहीत असतं! तिच्याइतकं सोपं दुसऱ्या कोणाला जाणार? इतकी वर्षं तिने वाकून कान द्यायचा, आणि बाकीच्यांनी तेवढा वेळ गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं. आत्याने ते कधीच ओळखलं होतं, म्हणून तर तिला अर्धा पडदा हवा होता.

घरी येताना मी तिला म्हटलं, उद्या सकाळी पहिलं काम, वाळकाचं बटण टाकते. ती भिंत धरून चालत होती. थांबली आणि म्हणाली, "नको टाकू. ते मी तोंडानं सांगीन."

दुसऱ्या संध्याकाळी आमच्या शेजारच्या घरचा डबा होता. आत्या ओट्यावर बसली, टॅब अजून पिशवीतच. डबा हलला. पोरींनी तोंडं उघडली, आणि मग एकीने दुसरीला कोपराने ढोसलं, आणि सगळ्या ओट्याकडे बघत राहिल्या. मी पिशवीत हात घातला, तर आत्याने माझा हात बाजूला केला. पदर सारखा केला. मग तिला हवा तेवढा वेळ घेऊन, अख्ख्या गल्लीला तिष्ठत ठेवून, तिने सांगितलं, साखरफुटाणे.

डब्यात शेंगदाणे होते. पोरी खो खो हसल्या, आई हसली, डबा धरणारी तर विचारू नका. आत्या पहिल्यांदाच चारचौघांत चुकली होती, आणि तिला एवढी खूश मी आजवर पाहिलेली नाही.